सहा पायांचा कोळी आणि आमचा रणगाडा

कॅडेट मित्रहो, आपल्याला माहीत असलेला स्पायडर-मॅन चकचकीत आहे. २०२३ च्या ॲनिमेशनपटात तर भारतीय स्पायडर-मॅनही होता आणि हिंदी-पंजाबीत त्याला शुभमन गिलने आवाज दिला. पण याच नायकाची टी.व्ही.वरची पहिली कार्टून मालिका अगदी गरिबीत तयार झाली होती. या सत्रात आमच्या हाऊसला ती फार उपयोगी पडली, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये स्पायडर-मॅन कॉमिकमध्ये आणला. ९ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर त्याची मालिका सुरू झाली. पैसा थोडा आणि काम डोंगराएवढे. कॉमिकमधल्या त्याच्या पोशाखावर जाळ्याच्या बारीक रेघा असतात. त्या हजारो चित्रांत काढत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून रेघा फक्त मुखवटा, हातमोजे आणि बूट यांवर ठेवल्या. बाकी अंग कोरे, लाल-निळे. सुरुवातीच्या भागांत तर छातीवरच्या कोळ्याला आठाऐवजी सहाच पाय आहेत. झोके घेण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा येतात. कधी कधी जवळपास इमारतच नसते आणि जाळे सरळ आभाळाला चिकटते! चेहरा मुखवट्यात झाकलेला, त्यामुळे बोलताना त्याचे ओठ हलवायचीही गरज नाही.

या मालिकेचे नाव मी पहिल्यांदा बाबांकडून ऐकले. बाबा बॉम्बे सॅपर्समध्ये नायब सुभेदार आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग दिल्ली कँटला आहे. ऐंशीच्या दशकात ही मालिका आपल्या दूरदर्शनवर लागायची. साताऱ्याकडच्या आमच्या गावात तेव्हा आळीत एकच टी.व्ही. होता. सगळी पोरे त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. बाबा म्हणतात, "गाण्याचे शब्द एकालाही कळत नव्हते, पण चाल सगळ्यांना पाठ. कोळ्याचे पाय मोजायला सवड होती कुणाला!"

यंदा आंतर-हाऊस स्पर्धेत दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट करायचा होता. त्याआधी आम्ही दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक पाहून आलो होतो. तिथल्या परम योद्धा स्थळावर परमवीरांचे पुतळे आहेत. त्यांतून आम्ही सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना निवडले. कारवारजवळ जन्मलेले राणे साहेब बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर, जखमी झालेले असतानाही, त्यांनी गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. एके ठिकाणी तर ते रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत पुढे गेले.

मग हिशेब मांडला. सेकंदाला २४ चौकटी लागतात. एकेक चित्र दोनदा वापरले तरी दोन मिनिटांना १४४० चित्रे होतात. आम्ही सहा जण, संगणक एक आणि हाताशी तीन रविवार. एका सिनिअरने स्पष्टच सांगितले, "परमवीराला असल्या तोडक्यामोडक्या कार्टूनमध्ये दाखवायचं? हा त्यांचा अपमान होईल. त्यापेक्षा भाषण करू." बोलणे कडक होते, पण त्यात तथ्य होते. आम्ही सगळे गप्प झालो.

त्या रविवारी फोनवर बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, "अरे, सामान कमी असलं की आधी काय सोडायचं ते ठरवायचं. आणि काय अजिबात सोडायचं नाही, तेही तेव्हाच ठरवायचं." मग त्यांनी आपल्या लहानपणच्या स्पायडर-मॅनची आठवण काढली.

आम्ही कागदावर दोन याद्या केल्या. सोडायच्या यादीत हालचाल होती. डोंगराचे एकच लांब चित्र काढून ते मागे सरकवायचे ठरले. रणगाडा एकदाच काढायचा, धूळही तीच ती वापरायची. न सोडायच्या यादीत पहिला आला गणवेश. स्पायडर-मॅनचा पोशाख काल्पनिक आहे, त्यातल्या रेघा गाळल्या तरी कुणाचे काही जात नाही. राणे साहेबांचा गणवेश खरा आहे. खांद्यावरचा एक तारा प्रत्येक चित्रात हवाच. कला शिक्षकांनी तो एकेका चित्रात तपासला. यादीत दुसरी होती दोरी धरलेला हात. एकूण ८६ चित्रे काढली, त्यांतली २२ फक्त त्या हाताची होती.

काटकसरीलाही एक हद्द असते, हेही त्या मालिकेतच दिसते. ती सुरू करणारी ग्रँट्रे-लॉरेन्स ही कंपनी दिवाळखोर झाली. पुढचे भाग राल्फ बाक्शी यांच्या देखरेखीखाली झाले. तिसऱ्या वर्षी एका भागासाठी 'रॉकेट रॉबिन हूड' या दुसऱ्याच मालिकेतली चित्रे उचलून त्यांत स्पायडर-मॅन बसवला गेला. रेघा गाळणे ही काटकसर होती. हे मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांत धूळ फेकणे झाले.

आमच्यावरही ती वेळ आलीच. शेवटच्या रविवारी पंधरा सेकंदांची चित्रे कमी पडली. कुणीतरी सुचवले की एखाद्या युद्धपटातला तुकडा जोडून टाकू, कोणाला कळणार आहे? यावर विरोध करणारा तोच सिनिअर उठला आणि म्हणाला, "पडदा काळा ठेवा. मी बोलतो." शेवटचे पंधरा सेकंद काळ्या पडद्यावर नुसता त्याचा आवाज आहे. रणगाडे पुढे गेले, वाट मोकळी झाली, एवढेच तो सांगतो. सभागृहात तेव्हा एक खुर्चीही वाजली नाही.

आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या हाऊसची चित्रे आमच्याहून खरोखरच चांगली होती.

मित्रहो, वेळ, माणसे, साहित्य यांतले काहीतरी आपल्याला नेहमीच कमी पडणार. नौशेरापुढच्या रस्त्यावर राणे साहेबांनाही कुणी सगळे सामान जमेपर्यंत थांबायला सांगितले नव्हते. म्हणून कामाला लागण्याआधी दोन याद्या कराव्यात. पहिली यादी परिस्थितीच आपल्याकडून लिहून घेते. दुसरी आपली आपल्याला लिहावी लागते, आणि शेवटच्या रविवारपर्यंत पाळावी लागते.