बिनपगारी

आमच्या घरात कुणाही माणसाची चौकशी करायची झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पगार किती मिलंल?" तो कोण, कुठला, काय शिकलाय, हे सगळं मागाहून. याला कारण आहे. माझे बाबा गेली पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. त्यांना पगार नाही, वाटा आहे. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचे वाटे पडतात. आणि ज्या फेरीत काही उरत नाही त्या फेरीत वाटाही पडत नाही. आई बाजारात मासळी घेऊन बसते, तिचाही हिशेब तसाच. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला हातात पडणारे पैसे आमच्या घरात अजून कुणी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पगार या शब्दाला आमच्याकडे देवाच्या खालोखाल मान आहे.

घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बी. ए. झाल्यावर मी तलाठी व्हावं, बँकेत लागावं, निदान पोस्टात तरी चिकटावं अशी बाबांची इच्छा. आणि मला हवाय कॅमेरा!

तो अजून माझा नाही. तो आहे आमच्या वाडीतल्या फोटोग्राफरचा. नात्यानं तो माझा मामा लागतो, पण सारी वाडी त्याला दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणते. दादा कुठल्या वर्तमानपत्रात नाही, कुठल्या कंपनीत नाही. हळदी, लग्नं, बारशी, सत्यनारायण, शाळेची स्नेहसंमेलनं. शिवाय काशीदच्या पुळणीवर मुंबई-पुण्याची जोडपी लग्नाआधीच फोटो काढून घ्यायला येतात, तीही. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत दादाला झोपायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात झोपण्यावाचून दुसरं काम नसतं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर दिवे धरायला जाते. लग्नघरी लोक मला "ए मुली, जरा बाजूला हो" असं म्हणतात, ते आता अंगवळणी पडलं आहे.

गेल्या वर्षी मराठी चित्रपटावर एक टिपण लिहायचं होतं म्हणून ग्रंथालयात बसले होते. दादासाहेब फाळके शोधायला गेले आणि त्यांच्याही आधीचे एक दादा भेटले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा. जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं प्रथम दाखवली गेली, तिकीट एक रुपया. त्या चित्रांनी सावे दादांना वेड लावलं. त्यांनी लंडनहून चित्रणाचा कॅमेरा मागवला. किंमत एकवीस गिनी! मी त्या वेळच्या भावानं हिशेब करून पाहिला, तर सव्वातीनशे रुपयांच्या वर जातात. कुणी सांगितलं होतं का? कुणी आगाऊ रक्कम दिली होती का? काही नाही.

आणि एवढा महागाचा कॅमेरा आल्यावर त्यांनी त्यात पकडलं काय, तर कुस्ती! १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून चौदा वर्षं होती. दुसरं चित्रण माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाचं. राजा नाही, लाटसाहेब नाही. गावाबाहेर गर्दी करून लोक जे पाहतात तेच. मला ही निवड फार आवडली. फीत धुण्याची सोय इथं नव्हती. ती आगबोटीनं विलायतेला जायची, तिथं धुऊन पुन्हा आगबोटीनं यायची. तोवर आपण पकडलं ते नीट उमटलं की सगळं काळं पडलं, हे कळायला मार्ग नाही.

हे वाचताना मला ग्रंथालयातच हसू आलं. कारण हा धंदा मी रोज पाहते. जाळं पाण्यात सोडायचं, वरून काही दिसत नाही, खर्च आधीच होऊन गेलेला. ओढून होडीत घेतल्यावर कळणार, बोंबील की नुसता केरकचरा. पगारदार माणसाला हे वाट पाहणं सांगून कळायचं नाही. बाबांना मात्र एका वाक्यात कळलं असतं.

१९०१ च्या डिसेंबरात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून गणितातले सीनियर रँग्लर होऊन मुंबईला परतले. हेही आपले कोकणातलेच, दापोलीकडच्या मुर्डीचे. त्यांचं स्वागत सावे दादांनी चित्रित केलं. आपल्याकडचं पहिलं वार्ताचित्र म्हणून त्याचाच उल्लेख करतात.

वार्ताचित्र म्हटलं की मला ३ जून २०२० आठवतो. त्या दिवशी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. माड मोडले, कौलं उडाली, दादाच्या दुकानाचे पत्रे तर सापडलेच नाहीत. कॅमेरा त्यानं आदल्या रात्रीच प्लॅस्टिकमध्ये बांधून शाळेच्या पक्क्या इमारतीत नेऊन ठेवला होता, म्हणून वाचला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याकडे यायला लागले. पंचनाम्याला जोडायला पडक्या घराचे फोटो हवेत! वीज नाही, मोबाईल बंद. दादा बॅटरी पुरवून पुरवून घरोघर फिरला. मी तेव्हा शाळेत होते. त्याच्या डोक्यावर छत्री धरण्याचं काम माझ्याकडे. पैसे मागायचे कुणाकडे? ज्याच्या घरावर छप्पर नाही त्याच्याकडे? एका आजीनं पडक्या चुलीजवळ उभं राहून डोक्यावरचा पदर सारखा केला, ते मला अजून दिसतं. घर पडलं होतं तरी फोटो नीट यायला हवा होता.

दादा लग्नाचे फोटो देऊन टाकतो आणि विसरतो. स्वतःसाठी मात्र तो वेगळंच काही गोळा करत असतो : ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेला जवळा, पद्मदुर्गामागचा सूर्यास्त (हे जरा जास्तच आहेत, मी त्याला तोंडावर सांगितलं आहे). त्यातच अकरा मिनिटांची एक चित्रफीत आहे. माझे आजोबा अंगणात बसून जाळं विणताहेत. चेहरा थोडा वेळच दिसतो, बाकी सगळे हातच. आजोबा गेले तेव्हा बाराव्याला ठेवायला घरात फोटो नव्हता. आधारकार्डावरचा होता, त्यात ते चोरासारखे दिसत. दादानं त्या चित्रफितीतून एक चित्र काढून, मोठं करून, चौकटीत बसवून आणलं. पैसे घेतले नाहीत.

पुढं एकदा मी ती पूर्ण चित्रफीत बाबांना दाखवली. त्यांनी ती तीनदा पाहिली. "ही गाठ आता कोणाला येते?" असं पुटपुटले. मग एकदम मला विचारलं, "याचे पैसे त्याला कोणी दिले?"

"कोणीच नाही."

"मग केलं कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर चार दिवसांनी मी त्यांना सावे दादांची गोष्ट सांगितली. पहिलवानांचं ऐकून ते खूश झाले. फीत विलायतेला जायची हे ऐकून म्हणाले, "तवर तो खात काय होता?" मी म्हटलं, फोटोचा धंदा होता त्यांचा. "मग धंदा होता ना!" म्हणाले, आणि वाद जिंकल्यासारखी विडी पेटवली.

खरं सांगायचं तर पुढचा भाग त्यांना सांगताना मी अडखळले. १९०३ च्या दिल्ली दरबाराचं चित्रण केल्यावर काही वर्षांत सावे दादांनी चित्रणाचा नाद सोडला आणि मुंबईच्या गेइटी थिएटरची व्यवस्था पाहू लागले. म्हणजे इतरांची चित्रं दाखवायची! ते १९५८ पर्यंत जगले. बोलपट आला, 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं, हे सगळं त्यांच्या हयातीत. ती कुस्ती मात्र आज कुणाला पाहायला मिळत नाही. बाबा म्हणाले, "शहाणा माणूस." मला तो शहाणपणा सोसत नाही, पण खोटाही ठरवता येत नाही. कारण न सोडणाऱ्याचं काय होतं तेही वाचलं आहे. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, बायकोचे दागिने गहाण टाकले, चित्रपटसृष्टी उभी केली आणि १९४४ साली नाशिकला हलाखीत गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फितीला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या. बिनपगारी माणसांची यादी कुणी केली तर त्यात पहिलं नाव मी त्यांचं घालीन. कितीतरी दिवस मला त्यांचंच काम नीट कळत होतं. दिवे धरणाऱ्या माणसाला कळतं तसं.

सध्या एवढं झालं आहे की स्पर्धा परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. बाबांनी त्याची पावती देवाजवळ ठेवली आहे. १ जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी. त्या दोन महिन्यांत वाडी काय करते यावर दादा माहितीपट करणार आहे. होड्या किनाऱ्यावर ओढण्यापासून सुरुवात, आणि त्या दिवशी कॅमेरा मी धरायचा असं त्यानं सांगितलं आहे. तुमच्या होडीचं चित्रण केलं तर चालेल का, असं मी बाबांना विचारलं.

"तांडेलाला विचार," ते म्हणाले. "आणि भरतीच्या आधी ये. होडी तुझ्यासाठी थांबायची नाही."