जैनाबादेस मुक्काम

तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर वसले आहे, तर दक्षिण तीरावर जैनाबाद. फारुकी सुलतानांनी ज्या सुफी संतांची नावे या जोडगावांना दिली, ते बुऱ्हाणुद्दीन व जैनुद्दीन दोघेही आपल्या खुलदाबादेस चिरविश्रांती घेत आहेत. जैनाबादेतील आहूखाना ही मोगलांची मृगयेची बाग. दख्खनच्या मोहिमेत शहाजहानसोबत आलेली मुमताजमहल जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात बुऱ्हाणपुरी निवर्तली. आग्र्यास नेण्यापूर्वी काही महिने तिचा देह याच बागेत विसावला होता. हत्तीउंटांवर लादलेल्या साऱ्या वैभवाचा त्या मातेस उपयोग झाला नाही.

मोगलांची छावणी म्हणजे चालते नगरच. १६६४-६५ साली औरंगजेबाच्या छावणीबरोबर काश्मीरकडे गेलेला फ्रेंच वैद्य बर्नियर सांगतो की, बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एक संच आदल्या दिवशीच पुढील मुक्कामी जाऊन उभा राही. त्यास पेशखाना म्हणत. रात्री चुकल्या वाटसरूंसाठी उंच खांबावर आकाशदिवा जळे.

वाचकहो, मुलाबाळांसह नदीकाठी एखादी रात्र तंबूत काढावयाची तर आपल्यापाशी हत्ती नाहीत. म्हणून घरातील सर्वांत नाजूक जीवाची गरज प्रथम पाहावी व त्याप्रमाणे सामान निवडावे. चौघांचा म्हणून विकला जाणारा तंबू चौघांना दाटीचाच होतो, सहांचा घ्यावा. त्यास शिवलेला तळ व वरून पावसाचे आच्छादन असावे. खाली ताडपत्री, तीवर सतरंजी व घोंगडी अंथरावी, कारण हिवाळ्यात थंडी जमिनीतूनच अधिक लागते. तंबूला मच्छरांची जाळी असावी. प्रत्येकी निदान चार लिटर शुद्ध पाणी न्यावे. नदीचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. औषधांच्या डब्यात मलमपट्टीबरोबर मीठ व साखरही असू द्यावी. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजावे. सर्पदंश झाल्यास दोरी न आवळता, जखम न कापता, तत्काळ इस्पितळ गाठावे. त्याची वाट आधीच विचारून ठेवावी.

वाळूत मेखा टिकत नाहीत, शिवाय वर कोठे पाऊस झाल्यास पात्रातील पाणी अवचित चढते. म्हणून तंबू उंच, कठीण जागी, जमीनमालकाच्या संमतीने ठोकावा. आहूखान्याच्या जीर्ण भिंतींस मात्र दोर बांधू नयेत. शेगडी किंवा निखारे तंबूत कदापि ठेवू नयेत. त्यांच्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. बाहेर विजेरीचा कंदील लावून ठेवावा, म्हणजे रात्री उठलेल्या मुलास तोच आकाशदिवा होईल.

निघण्यापूर्वी एक रात्र स्वतःच्या अंगणातच तंबू ठोकून निजावे. काय उणे पडले आणि कोणते ओझे व्यर्थ वाहिले असते, हे पहाटेपर्यंत आपोआप कळेल. घर तेथून दहा पावलांवर असते. जैनाबादेहून ते फार दूर असेल.