रक्त आणि नजर यांच्यामधली वेस

डोळ्याच्या पडद्याला रक्ताशिवाय चालत नाही, आणि रक्ताचा थेट स्पर्शही सोसत नाही. म्हणून तिथे दोन वेशी आहेत. एक पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंतींची, दुसरी पडद्यामागच्या काळसर, षटकोनी पेशींची. या पेशी एकमेकींना अशा बिलगलेल्या असतात की मधल्या फटीतून मोठा रेणू सरकत नाही. म्हातारपणी काहींची दुसरी वेस फोडून मागून नव्या रक्तवाहिन्या घुसतात. मधुमेहात बहुधा पहिली झिरपते.

आईची पहिली झिरपली. पडद्याला सूज आली आणि समोरच्या माणसाचा चेहराच तिला मधोमध पुसट दिसू लागला. वेस औषधालाही सहजी आत सोडत नाही, म्हणून इंजेक्शन थेट डोळ्यात. सुईपेक्षा मला छळलं ते हे, की झिरपायला सुरुवात कशी झाली ते कुणी पाहिलेलंच नव्हतं. पाहणार तरी कसं? जिवंत माणसाच्या पडद्याचा तुकडा सहज तपासायला काढता येत नाही, आणि उंदराला आपल्यासारखा मॅक्युलाच, म्हणजे पडद्याचा मधला तीक्ष्ण नजरेचा भागच, नसतो.

जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘चिपवरची रेटिना’ मला म्हणूनच फार मोलाची वाटते. मूळपेशींपासून वाढवलेला मानवी पडद्याचा इवलासा गोळा, त्याखाली त्या काळसर पेशींचा थर, त्याखाली सच्छिद्र पापुद्रा आणि पापुद्र्याखालून रक्ताच्या जागी संथ वाहणारा पोषकद्रव. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं खालच्या थराला भिडली, आणि त्या थराने त्यांचे झिजलेले तुकडे गिळले, अगदी डोळ्यात गिळतो तसे. क्लोरोक्विन या औषधाचा पडद्यावर होणारा जाचही तिथे दिसला.

एक अडचण मात्र मनातून जात नाही. प्रौढ माणसाच्या पेशीला मूळपेशी बनवताना तिचं वय बरंचसं पुसलं जातं. उद्या आईच्या त्वचेपासून असा पडदा घडवला, तर त्यात तिची जनुकं असतील, पण तिची साखरेची वर्षं नसतील. ती वर्षं बाहेरूनच घालावी लागतील, आणि केशवाहिन्यांची पहिली वेसही. एका चिपमध्ये साखर वाढवायची, दुसरीत नाही, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि द्रवात सोडलेला चमकणारा रंग वेशीपलीकडे कधी उतरतो ते तासातासाला बघायचं. शरीरात असा एकच धागा सुटा करता येत नाही. आईचं निदान झालं तेव्हा सूज आलेलीच होती. त्या सुजेआधीचे महिने कुणीतरी असे डोळ्यांसमोर आणावेत, एवढंच मला हवं आहे.