वहीतली साठ रुपयांची नोंद



इथे सगळे वाडा, जत्रा, आजीच्या हातची धपाटी यांवर लिहितात. माझा विषय जरा घाण आहे. जेवण झालं असेल तरच वाचा.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. जावईबापूंनी आठवडाभरासाठी कालव्यातली एक लांबट, अरुंद बोट भाड्याने घेतली. आत स्वयंपाकघर, बिछाने, संडास, सगळं. संडासाचं सगळं फरशीखालच्या बंद टाकीत जातं, ते कालव्यात सोडायचं नाही. चौथ्या दिवशी टाकी भरल्याचा दिवा लागला. किनाऱ्यावरच्या पंपापाशी बोट लावली. जावईबापूंनी वरचं झाकण उघडून जाड पाईप बसवला, पंप चालू केला. पाईपच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत टाकी धुतली. पंधरा मिनिटांत काम संपलं. नातू म्हणाला, "आजोबा, गप्प का झालात?"

मला राजेश्वर आठवलं होतं.

आमचं राजेश्वर हुमनाबादजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. लहानपणी वाड्याच्या मागे टोपलीचा संडास होता. मागल्या बोळातून एक बाई यायची, डोक्यावरून मैला न्यायची. आई तिला वरूनच भाकरी टाकायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आज लिहायला लाज वाटते.

बँकेत लागल्यावर १९७९ साली सेप्टिक टँक बांधला. दोन कप्पे, वर शहाबादी फरशी. वाटलं, सुटलो. सात वर्षं झाकण उघडलं नाही. टाकीत गाळ खाली बसतो, तो कधीतरी काढावा लागतो, हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं!

१९८६ च्या पावसाळ्यात पाणी उलटं यायला लागलं. दोघे भाऊ आले. फरशी सरकवली आणि धाकटा लगेच उतरायला निघाला. थोरला म्हणाला, "मालक, एक दावं द्या." मी म्हणालो, "अरे, दोन मिनिटांचं काम, दावं कशाला?" तो हटला नाही. गोठ्यातलं दावं आणून भावाच्या कमरेला बांधलं.

धाकटा उतरला आणि अर्ध्या मिनिटात आवाज न करता खाली बसला. थोरला उडी मारणार, तेवढ्यात शेजाऱ्यांनी त्याला धरला. चौघांनी दावं ओढून पोराला वर काढलं, ट्रॅक्टरवर घालून हुमनाबादला नेलं. वाचला. दावं नसतं तर?

पुढे समजलं, टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, वायू जास्त झाला की नाकच मरतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असं नाही. वाचवायला उतरणाराही तिथेच पडतो.

टोपलीच्या संडासांवर १९९३ च्या कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा झाला, काम सांगणारा घरमालकही त्यात येतो. तरी पेपरात बातम्या येतातच.

म्हणून सांगतो. दर दोन-तीन वर्षांनी सक्शनची गाडी बोलवा. झाकणावर ओटा किंवा टाइल्स घालू नका. वायूचा पाईप घराच्या वर न्या, तोंडाला जाळी लावा. ॲसिड, फिनेल बेताने वापरा, गाळ पचवणारे जंतू मरतात. आणि कोणी कितीही म्हणालं, "मालक, उतरतो," तरी नको म्हणा.

माझी त्या वर्षीची खर्चाची वही अजून आहे. त्यात लिहिलंय: टाकी सफाई, ६० रुपये. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली, पण ही नोंद कोणत्या खात्यावर टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्या घरची टाकी शेवटची कधी उघडली होती? आज घरात विचारा.