विकतचा सूर्य

माणूस निवृत्त झाला की त्याला एकतर अध्यात्म सुचतं, नाहीतर शेती. त्यातल्या त्यात अध्यात्म स्वस्त. आमच्या साडूंना शेती सुचली, आणि तीसुद्धा बंद खोलीत. गावची जमीन बहिणींच्या लग्नांत कधीच गेलेली. तेव्हा शहराबाहेर चारशे चौरस फुटांचा एक गाळा भाड्याने घ्यायचा, त्यात एकावर एक मांडण्या उभ्या करायच्या, मांडण्यांवर पाण्यात लेट्यूस वाढवायचं आणि ते हॉटेलांना विकायचं, असा बेत ठरला. भांडवल फंडाचं. गाळ्याला खिडकी नव्हती. म्हणजे सूर्यही विकत घेणं आलं. मी तीस वर्षं शाळेत प्रकाशाचा धडा शिकवला, एवढ्या पुण्याईवर सूर्य निवडायला मला बरोबर नेण्यात आलं.

"भाऊजींचा फंड गेला तर पुढचा नंबर ताईच्या बांगड्यांचा आहे, लक्षात ठेवा," आमच्या हिने निघताना बजावलं.

पुण्यात दिवे घ्यायचे म्हणजे बुधवारातली तपकीर गल्ली. दुकानदाराने एक पाटी लावली आणि सगळं दुकान जांभळं झालं. साडू संगीत नाटकातल्या राक्षसासारखे दिसायला लागले.

"झाडांना हाच रंग आवडतो," दुकानदार अशा थाटात म्हणाला, की जणू तो कालच त्यांना विचारून आला होता.

हे अर्धंच खरं. पान तांबडा आणि निळा उजेड जास्त चांगला वापरतं, हे कबूल. पण मॅक्क्री नावाच्या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या पिकांची पानं तपासून १९७२ साली दाखवून दिलं, की हिरवा उजेडही पान फुकट घालवत नाही. शिवाय जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान आणि ठणठणीत पान सारखंच दिसतं. रोग आला तरी कळायचा नाही. म्हणून आता बहुतेक जण पांढरा एलईडी घेतात आणि त्यात थोडा ६६० नॅनोमीटरचा तांबडा मिसळतात. हा पांढरा म्हणजे तरी काय, निळ्या एलईडीवर पिवळट लेप. त्या निळ्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. तपकीर गल्लीत तो दहा टक्के सवलतीत मिळत होता.

"मग हा घ्या. लुमेन बघा याचे!"

लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यांत झगझगीत वाटतो, म्हणून लुमेनही त्याच्याच बाजूने झुकतात. झाडासाठी लुमेन बघणं म्हणजे पाहुण्यांच्या आवडीवर म्हशीची वैरण ठरवणं. झाड प्रकाशाचे कण खातं, आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. तेव्हा विचारायचं एकच : एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल? एका डब्यावर ठळक '१००० वॉट' होतं आणि मागच्या चिठ्ठीवर, मुंगीच्या अक्षरात, ११०. मी प्रश्न विचारल्यावर दुकानदाराने चहा मागवला. गिऱ्हाईक अवघड निघालं की चहा येतो.

शेवटी दोन दिवे उरले. एकाचा आकडा १.६, दुसऱ्याचा २.५. पहिला स्वस्त. साडूंचा हात अर्थातच पहिल्याकडे. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. मांडण्या मिळून ४० चौरस मीटर, दर मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल, थोडा उजेड भिंतींवर सांडणार, धरा १०,०००. स्वस्त दिव्यांना ६,२५० वॉट लागणार, चांगल्यांना ४,०००. रोज सोळा तास दिवे ठेवले तर १०० युनिटं आणि ६४ युनिटं. युनिट दहा रुपयांनी धरलं, तर फरक दिवसाला ३६० रुपये. वर्षाला सव्वा लाखाच्या वर!

"शिवाय," मी म्हणालो, "हा सगळा उजेड शेवटी उष्णताच होतो. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. चांगल्या दिव्यांना टनभरापेक्षा थोडा जास्त लागेल, स्वस्तांना पावणेदोन."

साडूंनी हात मागे घेतला.

"ड्रायव्हर मात्र चांगला बघून घ्या," दुकानदार म्हणाला, "दिव्याआधी तोच जातो."

"मास्तर, जन्मभर मी सायकलवर," साडू हळूच म्हणाले, "आणि आता दिव्यांना ड्रायव्हर?"

ड्रायव्हर म्हणजे दिव्याला नेमका प्रवाह पुरवणारी डबी, हे ऐकल्यावर तिच्या पगाराची काळजी मिटली. एका मोठ्या दिव्याऐवजी लांबट पट्ट्या घ्यायच्या, म्हणजे कडेच्या रोपांवर अन्याय होत नाही. आणि त्या ओलाव्याला टिकणाऱ्या हव्यात, हेही ठरलं. पण माझा खरा आग्रह वेगळाच होता. आधी दहावा हिस्सा करायचा : ४ चौरस मीटर, ४०० वॉट, रोज साडेसहा युनिटंसुद्धा नाहीत. हॉटेलवाल्यांनी पाला घेतला तर पुढची मांडणी. फंड बँकेत राहिला तर उगवत नाही, पण वाळतही नाही.

साडूंना हे आवडलं नाही. तरी त्यांनी ऐकलं. बहुधा पाकिटावरच्या सव्वा लाखामुळे.

महिन्याभराने पहिला पाला निघाला. अर्धा एका हॉटेलाने घेतला. उरलेल्याची ताईंनी पीठ पेरून भाजी केली. लेट्यूसला तो अपमान वाटला असेल, आम्हाला चव आवडली. रात्री हवा जरा गार असते म्हणून दिवे संध्याकाळी सहाला लावायचे आणि सकाळी दहाला मालवायचे, असा क्रम आहे. दिवेलागणीला ताई घरी देवापुढे निरांजन लावतात, त्याच वेळी साडू गाळ्यात बटण दाबून हात जोडतात. दोघांचं मागणं एकच असतं. ताईंच्या दिव्याला फक्त ड्रायव्हर लागत नाही.