समुपदेशक व्हायचंय? गुणपत्रिकेत न दिसणारी पात्रता

"डॉक्टर, मला लोकांना मदत करायला आवडतं, म्हणून काउन्सेलर व्हायचंय." हे वाक्य अलीकडे मी वरचेवर ऐकतो. कधी कॉलेजातली मुलं म्हणतात, कधी चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी. तुमच्याही घरात असं कोणी असेल, तर आजचा लेख त्यांना जरूर वाचायला द्या.

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशमुलाखती घ्यायला मी काही वर्षं जातो. समोर येणाऱ्यांचे गुण बहुधा चांगलेच असतात. आमच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. उद्या एखादा खचलेला माणूस बंद दाराआड या व्यक्तीसमोर बसणार आहे. तिथे नको ते बोललं गेलं, तर ते पाहायला तिसरं कोणी नसेल. मग हे आधी ओळखायचं कसं?

कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली समुपदेशकाकडून तीन अपेक्षा मांडल्या: समोरच्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं, अटी न घालता त्याचा स्वीकार करणं, आणि स्वतः पोटात एक, ओठांत एक असं नसणं. या गोष्टी लेखी परीक्षेत मोजता येत नाहीत. म्हणूनच अमेरिकेत असे अभ्यासक्रम प्रमाणित करणाऱ्या 'काकरेप' या संस्थेच्या २०१६ च्या निकषांत प्रवेश देताना शैक्षणिक क्षमतेबरोबरच या गोष्टीही पाहायला सांगितल्या होत्या: विश्वासाचं नातं जोडता येण्याची शक्यता आणि वेगळ्या संस्कृतीच्या माणसांविषयीचा आदर.

टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही बोलका आहे. त्यांनी थेरपिस्टना अवघड रुग्णांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि "आता तुम्ही काय म्हणाल?" असं विचारून उत्तरं रेकॉर्ड केली. ज्यांची उत्तरं सरस होती, त्यांच्या रुग्णांमध्ये सुधारणाही जास्त दिसली.

आम्हीही असंच काहीसं करतो. सहकारी रुग्णाची भूमिका घेतो: "नोकरी गेली, घरी अजून सांगितलेलं नाही." बहुतेक उमेदवार लगेच म्हणतात, "टेन्शन घेऊ नका, सगळं ठीक होईल." यावरून आम्ही कोणाला नापास करत नाही, कारण ती आपल्या सगळ्यांचीच सवय आहे. आम्ही सांगतो, "सल्ला जरा लवकर आला. पुन्हा करून पाहा." माझं लक्ष असतं ते या दुसऱ्या प्रयत्नाकडे. काही जण आपलंच कसं बरोबर होतं ते पटवू लागतात. काही जण क्षणभर थांबतात आणि विचारतात, "हे एकट्याने किती दिवस सांभाळताय?" शिकवता येतं ते या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला.

एका उमेदवाराची गोष्ट सांगतो, ओळख बदलून. तिच्या भावाने आत्महत्या केली होती, आणि हे तिने अर्जातच लिहिलं होतं. पॅनेलवरचे एक जण म्हणाले, "ही स्वतःच जखमी आहे, दुसऱ्याला काय सावरणार?" हा प्रश्न चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. जखम झाली होती का, यापेक्षा तिची काळजी घेतली गेली का, हे महत्त्वाचं. ती वर्षभर स्वतः समुपदेशन घेत होती. आणि भूमिकानाट्यात, समोरचा मृत्यूविषयी बोलत असतानाही, तिने स्वतःची गोष्ट मध्ये आणली नाही. तिला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी उत्तम गुणांच्या एका उमेदवाराला मात्र आम्ही थांबायला सांगितलं. प्रत्येक रुग्णात त्याला स्वतःचंच घर दिसत होतं.

आता दुसरी बाजू. अर्ध्या तासात माणूस कळतो, असा माझा मुळीच दावा नाही. फाडफाड इंग्रजी बोलणारा आत्मविश्वासू वाटतो, आणि गावाकडून आलेली, घाबरून अडखळणारी मुलगी उगाच मागे पडते. म्हणून आम्ही मुलाखत उमेदवाराच्या सोयीच्या भाषेत घेतो, सगळ्यांना तेच प्रसंग देतो आणि प्रत्येक परीक्षक चर्चेआधी आपले गुण वेगळे लिहितो. 'मला आवडला नाही' हे कारण चालत नाही. काय पाहिलं, काय ऐकलं, ते लिहावं लागतं. प्रवेशानंतरही निरीक्षण सुरूच राहतं, कारण माणूस बदलतो, चांगल्या अर्थानेही.

तुम्ही या वाटेवर असाल, तर घरच्या घरी एक करून पाहा. जवळच्या कोणाचं तरी म्हणणं दहा मिनिटं ऐका. सल्ला द्यायचा नाही, 'माझंही असंच झालं होतं' म्हणायचं नाही. मग त्यांनाच विचारा, "मला नीट समजलं का?" उत्तर 'नाही' आलं, तर मनात काय होतं ते पाहा. राग आला, तर अर्ज भरण्याआधी त्यावर थोडं काम करा. कुतूहल वाटलं, तर अर्ज जरूर भरा.