पाणी, उजेड आणि वाट

वारीविषयीचे मराठी ललित लेखन मी बरीच वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (1964) ही त्यातली दोन ठळक ठाणी. एका वाटेने चालणारी, एकच नाम घेणारी माणसे जेवायला मात्र वेगळी बसतात, हे पाहून बाईंना झालेले दुःख मी विद्यार्थ्यांना समजावून सांगितले आहे. मोकाशींच्या तटस्थ निवेदनावर टिपणेही काढून दिली आहेत. परंतु एवढ्या माणसांना पहाटे तीन वाजता आंघोळीला पाणी कोठून मिळते आणि मुक्कामावर दिवा कोण लावतो, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. तो मलाही कधी पडला नव्हता. 2023 च्या आषाढवारीत तो पडला, कारण तेच काम माझ्या वाट्याला आले.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेला हा पालखी सोहळा देहूहून निघतो, उंडवडी गवळ्याच्या मार्गाने बारामतीला येतो आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करीत इंदापूर गाठतो. पुढे सराटीला पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पालखी नदीपलीकडे अकलूजला जाते. आमची दिंडी लहान, साठ-सत्तर माणसांची. सामानाचा एक टेम्पो आणि त्यामागे जोडलेली दोन चाकांची एक छोटी ट्रॉली. ट्रॉलीत पाचशे लिटरची आडवी टाकी, बारा व्होल्टची पाण्याची मोटर, शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, चार दिवे आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी पाट्यांवर ठोकलेली प्लगांची रांग. “सर, तुम्हाला गळा नाही, तेव्हा तुम्ही पाणी आणि लाइट बघा,” असे दिंडीप्रमुखांनी सांगितले. मी ते काहीसे हसण्यावारी नेले.

बारामतीला ट्रॉली जिथे लावली होती, तिथे विजेची सोय होती. रात्रभर चार्जर लावून बॅटरी भरून घ्यायची, एवढेच माझे काम. त्या संध्याकाळी दिंडीतली दोन महाविद्यालयीन मुले मला भेटली. मोरोपंत (1729–1794) याच गावी राहिले, येथेच त्यांनी आपली प्रचंड काव्यरचना केली, हे त्यांना ठाऊक नव्हते. मग आम्ही कऱ्हेकाठी गेलो. पंतांची आर्या ही वस्तुतः गीती कशी, पहिल्या चरणात बारा आणि दुसऱ्यात अठरा मात्रा कशा मोजायच्या, हे मी त्यांना बोटांवर मोजून दाखविले. परत आलो तेव्हा रात्र झाली होती. चार्जर लावायचा राहून गेला. मात्रांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाने विजेचा हिशेब केलाच नव्हता.

तो हिशेब पुढे मी केला, तो असा. बारा व्होल्ट गुणिले शंभर म्हणजे बाराशे वॉट-तास. पण अशा बॅटरीतून निम्म्यापेक्षा अधिक काढू नये, काढल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरले सहाशे. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास लावले तर एकशेऐंशी लागतात. एका मोबाइलला पंधराच्या आसपास, आणि रोज चाळीस मोबाइल: झाले सहाशे. म्हणजे ज्या दिव्यांसाठी बॅटरी आणली, त्यांच्या तिप्पट वीज मोबाइलच पीत होते. मोटरीचे तर यात धरलेलेच नाही. साध्या बेरजेत कळण्याजोगी ही गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी काटेवाडीला परीट मंडळींनी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचे रिंगण झाले. पाऊस लांबला होता. रुंदीकरण चाललेल्या रस्त्याची धूळ अंगावर, भाकरीवर, सर्वत्र बसत होती. टाकीत ती जाऊ नये म्हणून मी झाकणावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने घट्ट आवळला. पाण्यात टीसीएल पावडरही मोजून टाकली होती. आपण काम नीट करतो आहोत, असे मला तेव्हा मनापासून वाटले.

सणसरच्या मुक्कामी रात्री दिवे पिवळट झाले आणि थोड्या वेळाने विझले. मोटर घुरघुरायची, पण नळाला करंगळीएवढी धार. मी बटण चालू-बंद करून पाहिले, वायर हलवून पाहिली, टाकीवर थापट्या मारल्या. आपल्याला ज्यातले कळत नाही त्यावर माणूस आधी थापट्या मारतो. पहाटेच्या अंधारात पाण्यासाठी बादली घेऊन दुसऱ्या दिंडीच्या टँकरकडे निघालेल्या एका आजींचा पाय ट्रॉलीच्या दांडीला अडकला. त्या पडल्या, घोटा मुरगळला. त्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण होते. वाटेतले हे पहिले गोल रिंगण पाहण्यासाठी त्या वर्षभर थांबत. त्यांना टेम्पोत बसवून पुढे पाठवावे लागले.

सकाळी गावातला एक तरुण आला. शेतीपंपाच्या मोटरी भरून देण्याचा त्याचा व्यवसाय. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात उसाइतक्याच मोटरी आहेत, आणि त्या जळतातही भरपूर. त्याने कशालाही हात लावण्याआधी विचारले, “सर, आधी काय बिघडलं? लाइट का पाणी?” मला सांगता येईना. मी दोन्ही तक्रारी एकच धरून बसलो होतो.

त्याने मल्टिमीटर लावला. काहीही चालू नसताना बॅटरी बारा पूर्णांक एक दाखवत होती. म्हणजे निम्म्याहून खाली उतरलेली, पण मेलेली नव्हे. मोटर चालू केल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर साडेअकरा आणि मोटरीपाशी जेमतेम नऊ. “करंट आहे, पण पोचत नाही,” तो म्हणाला. मग मोटर चालू ठेवूनच मीटरची एक सुई बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर बसविलेल्या क्लिपवर ठेवली. एकमेकींना चिकटलेल्या त्या दोन धातूंमध्ये दोन व्होल्ट हरवत होते! क्लिप काढली तेव्हा आत पांढरट-हिरवा थर साचलेला दिसला. आधी ऋण बाजू सोडवायची, मग धन. जोडताना उलट क्रम. जवळ विडीकाडी नको, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने तो थर धुतला, पॉलिश पेपरने घासला, क्लिप आवळली, वर व्हॅसलीन चोपडले. बॅटरी त्याच्या दुकानात चार्जिंगला लावून दुपारी आणली. दिवे पांढरेशुभ्र लागले.

पाणी मात्र येईना. मोटर जोरात फिरे, धार पहिली मिनिटभर चांगली, मग पुन्हा करंगळी. त्याने पाईपचे जोड पाहिले. हवा ओढली जात असेल तर जोडापाशी बुडबुडे दिसतात, ते नव्हते. गाळणी काढून धुतली. मग तो टाकीकडे नुसता पाहत उभा राहिला. टाकीची बाजू किंचित आत ओढली गेली होती. त्याने मला विचारले, “हा कागद कोणी बांधला?” मी म्हणालो, मी. त्याने सुतळी कापली. झाकणातल्या बारीक भोकातून सूं असा आवाज झाला, टाकी पुन्हा फुगली आणि नळाला भरभरून पाणी आले. टाकीतून पाणी बाहेर जायचे असेल तर तेवढी हवा आत यावी लागते. पाणी शुद्ध राहावे म्हणून मी तिचा श्वासच कोंडला होता. धूळ अडवायला भोकावर सुती फडक्याचा एक पदर पुरला असता.

त्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. “माउली, वारीचं काम आहे,” एवढे म्हणून तो गेला. जाताना मला मीटर कसा धरायचा, हे त्याने दाखविले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हेही बजावले.

संध्याकाळी मी आजींकडे गेलो. माझ्यामुळे तुमचे रिंगण हुकले, असे म्हणालो. त्यांनी घोट्याला हळद लावली होती. त्या म्हणाल्या, “रिंगण इंदापुरातबी हाय. पर त्या दांडीला एक पांढरं फडकं बांध बाबा. दुसरं कुनी पडाया नको.” दिलासा आणि दुरुस्ती त्यांनी एका दमात सांगितली. मी फडके बांधले. प्लगांच्या पाटीवर खडूने लिहिले: मोबाइल दुपारच्या विसाव्याला, टेम्पोचे इंजिन चालू असतानाच. त्यावरून दोन दिवस कुरबुर झाली. इंदापूरला आजींनी ट्रॉलीच्या फळीवर बसून रिंगण पाहिले. अश्व धावला तेव्हा त्या हात जोडून रडत होत्या. बेलवाडीची भरपाई झाली असे मी म्हणणार नाही; तसे त्याही म्हणाल्या नाहीत.

घरी परतल्यावर ‘पालखी’ पुन्हा काढले. मोकाशींचा उदरनिर्वाह रेडिओदुरुस्तीवर चाले, ही गोष्ट लेखक-परिचयात मी अनेकदा सांगितली आहे. ‘आनंदओवरी’ लिहिणारा लेखक पोटासाठी काय करी, याची एक गमतीदार नोंद म्हणून. आता तसे सांगवत नाही. आवाज का येत नाही हे शोधताना आधी गप्प बसून पाहायचे, आपला तर्क यंत्रावर लादायचा नाही, जिथे जोड आहे तिथे संशय घ्यायचा, ही सवय त्या पुस्तकातल्या निरीक्षणात असावी, असे मला वाटू लागले आहे. हे समीक्षेचे विधान म्हणून टिकेल की नाही, न कळे. आणि कर्वे यांच्या लेखाकडेही मी आता जरा वेगळ्या कोनातून पाहतो. शुद्धतेपायी माणसांमध्ये पडलेले अंतर त्यांनी पाहिले होते. मी तर साध्या टाकीवरही शुद्धतेचा कागद बांधून आलो होतो.

वर्गात आजही कधी कधी मुलांचे चेहरे पिवळट दिव्यांसारखे होतात. पूर्वी मी आवाज चढवीत असे. आता थांबतो आणि जोड कोठे सैल आहे ते पाहतो. बहुतेक वेळा तो माझ्याच बाजूचा असतो.